टेबलाची पलीकडची बाजू

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? माळ्यावर चढायची हौस आवर, शेजारच्या काकांना सांगत जा. मी मजेत आहे. घरमालकीण दिवसभर कुरकुरते, पण मनाने वाईट नाही.

‘तिथे जीव रमत नसेल तर सरळ परत ये,’ असं तू लिहिलंस. उत्तर देते, पण आधी कामाचं ऐक.

आमच्या शिवणाच्या कारखान्यात कोट बेतणारे सगळे टेबलाच्या एकाच बाजूला उभे राहतात. मी पडले डावरी! पहिल्याच दिवशी माझं कोपर शेजारच्याच्या बरगडीत. मग मास्तरांनी मला समोरच्या बाजूला हाकललं. तेव्हापासून माझं नाव ‘पलीकडची’. चहा, चेष्टा, हशा, सगळं त्या बाजूला. इकडे मी आणि माझी कात्री. अख्खा कोट बेतायला शिकायचा माझा हट्ट तुला ठाऊकच आहे, पण हातात येत होत्या फक्त बाह्या.

मागच्या आठवड्यात मखमल आली. तिची लव, म्हणजे वरचे बारीक केस, सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेला झुकलेली हवी, नाहीतर रंग दोन दिसतात. मी सवयीने लव माझ्याकडे घेऊन बाह्या कापल्या. समोरच्यांनी कोटाचं अंग कापलं, लव त्यांच्याकडे घेऊन. कोट शिवून टांगला तर अंग गडद आणि बाह्या फिकट! मास्तर असे कडाडले म्हणून सांगू! कोणी हसलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं. जिन्यात बसून डबा उघडला. आत्या, मी रोज तिथेच जेवते. ‘सगळे छान सांभाळून घेतात’ असं लिहायचे ना, ते तुला झोप लागावी म्हणून.

त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं. खोटं कशाला सांगू, बॅग काढली होती. पण कपडे भरता भरता रडू यायच्याऐवजी रागच आला. सकाळी थेट मास्तरांपुढे उभी राहिले.

‘अख्खा कोट मला द्या. एकटीने सगळं कापलं तर लव फिरेल कशी?’

‘जिभेला धार बरी आहे,’ ते म्हणाले. ‘त्या जुन्या पडद्याची मखमल घे. बिघडला कोट, तर जन्मभर बाह्याच काप.’

काल तो कोट उभा राहिला. मास्तरांनी सगळीकडून हात फिरवून पाहिला. ‘कॉलर पुन्हा काप. बाकी चालेल.’ अगं, या माणसाच्या तोंडून ‘चालेल’ म्हणजे हत्तीवरून साखरच वाटायला हवी! सोमवारपासून गिऱ्हाइकाचा कोट, माझ्या एकटीच्या हातचा.

जेवायला अजून कोणी बोलावलेलं नाही. बोलावतील तेव्हा बोलावोत. मला सध्या त्या कॉलरची काळजी आहे.

तर आता उत्तर. माझ्या खोलीत भाडेकरू ठेव. माझं सामान खोक्यांत भर आणि भरताना रडू नकोस. मीही रडत नाहीये, फारसं नाही. सुट्टीत येईन आणि तुझ्याच पांघरुणात झोपेन.

यापुढे तुझ्याकडे पाहुणी म्हणून येणारी,
पण तुझीच,
डावरी