तेलातली चमक

भांडुप, रविवार

प्रिय चंपा,
सप्रेम जय भीम.

विपश्यनेच्या शिबिराच्या फाटकातून बाहेर आलीस की तू आधी मला नाही, गाडीला शोधशील. आपला प्रितम ती घेऊन येणार होता, पण ती दिसणार नाही. घाबरू नकोस. कुठे ठोकली नाही, चोरीला गेली नाही, आणि प्रितमनं विकलीही नाही. तोंडानं सांगायला गेलो तर मी शेवट आधी सांगीन, मधलं विसरीन, आणि इतके दिवस गप्प बसून तू कमावलेली शांती फाटकातच सांडेल. म्हणून लिहून आणलंय. एसटीत खिडकीशी बस आणि सावकाश वाच. अक्षराला हसू नकोस, सातवीपर्यंतचंच आहे.

जाताना तू सांगितलं होतंस, रोज सकाळी गाडी पाच मिनिटं सुरू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. मी ठेवत होतो. गिअर मोकळा आहे का ते बघायचं, मागच्या चाकाला दगड लावलाय का ते बघायचं, परत गिअर बघायचा, मग किल्ली. एके दिवशी आतून टकटक ऐकू आली. बंद खोलीतून कुणीतरी दार वाजवावं तशी. खालच्या रिक्षावाल्या निलेशला बोलावलं तर म्हणाला, काका, गाडी म्हातारी झाली, म्हातारी माणसं कण्हत नाहीत का? नाक्यावरचे सगळे माझ्याकडे बघून हसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, तुमच्या काळजीचं एकदा लोणचं घाला. पण मला राहवेना. टेकडीखाली जाऊन नंदकिशोर मेकॅनिकला घेऊन आलो.

त्यानं इंजिनाचं तेल खाली एका पसरट ट्रेमध्ये काढलं आणि ट्रे उन्हात धरला. चंपा, काळ्या तेलात चमक होती. लग्नात पोरी गालाला लावतात तशी, बारीक, सोनेरी-रुपेरी. त्यानं तारेला बांधलेलं लोहचुंबक त्यात फिरवलं. काही चिकटलं नाही. मला बरं वाटलं, म्हटलं लोखंड नाही म्हणजे इंजिन शाबूत. तो म्हणाला, काका, हेच वाईट. इंजिनातला मोठा दांडा ज्या मऊ धातूच्या पट्ट्यांवर फिरतो त्या झिजून तेलात उतरल्यात. आता ही गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा चालवायची नाही. माझा तर जीवच गेला. मी विचारलं, मी रोज सुरू करत होतो म्हणून झालं का रे? तर म्हणाला, ही झीज कित्येक महिन्यांची आहे, तुम्ही फक्त ऐकलीत. पण आता किल्लीला हात लावू नका.

संध्याकाळी प्रितम घाटकोपरहून आला. त्याचा तो मित्र शरच्चंद्र जुन्या गाड्यांचा धंदा करतो ना, त्याला फोन लावला. शरच्चंद्र म्हणाला, जाड तेल ओता, आवाज दबतो, आठवडाभरात गिऱ्हाईक आणतो. प्रितम म्हणाला, बाबा, आईनं साठी ओलांडली, किती दिवस चालवणार? ती यायच्या आत विकू, सांगू चांगली किंमत आली. वाईट मनानं नाही म्हणाला गं. त्यालाही तुझी काळजी वाटते, माझाच मुलगा तो. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तुला ठाऊक आहे, घरातलं काहीही ठरवायचं झालं की मी तुझ्या तोंडाकडे बघतो. या वेळी बघायला तोंडच नव्हतं. तुझा फोन तिथल्या कपाटात.

मग मी तुला आठवत बसलो. हॉस्पिटलात आया होतीस तेव्हा नातेवाईक म्हणायचे, मावशी, पट्टी राहू दे, बघवत नाही. तू म्हणायचीस, उघडल्याशिवाय जखम कळत नाही, आधी बघा मग रडा. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, तू मोटार ट्रेनिंगच्या गाडीत कॉलेजच्या पोरींबरोबर शिकायला बसलीस. पहिल्या परीक्षेत नापास झालीस तर बाहेर येऊन वडापाव खाल्लास आणि हात पुसून पुढची तारीख घेतलीस. आता आपल्या टेकडीच्या चढावर समोरून टेम्पो आला की टेम्पोवालाच मागे जातो. शेजारच्या मालनबाईंना पायानं धड चालता येत नाही, पण दवाखान्याची वारी चुकत नाही, कारण तू आहेस. मी मागच्या सीटवर वरची कडी धरून तुझा अंबाडा बघत बसतो. बायका म्हणतात, सीतारामशेठनं ड्रायव्हर ठेवली. तू हसतेस.

मला एवढं कळलं, की जाड तेल ओतून ती टकटक दुसऱ्याच्या दारी पाठवायची, हे तू कधी केलं नसतंस. गाडी घेणारा माणूस पोराबाळांना घेऊन घाटात गेला असता म्हणजे? मी प्रितमला फोन केला. म्हटलं, विकायची का ते आई ठरवील, उघडायची ते मी ठरवलंय. तो म्हणाला, बाबा, तुमचं डोकं दुखत नाही ना?

गाडी नंदकिशोरच्या गॅरेजला नेऊन इंजिन उघडलं. पट्ट्या गेल्यात, पण दांड्यावर नुसते ओरखडे आहेत, घासून गुळगुळीत होईल. नंदकिशोर म्हणाला, असेच आणखी दोन-चार चढ चढले असते तर वाट लागली असती, कुर्ल्याला जाऊन जुनं इंजिन शोधावं लागलं असतं. प्रितमही आला होता. टॉर्च धरून उभा राहिला.

एवढं मी तुला फाटकात कसंतरी सांगितलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गाडी गॅरेजला न्यायची होती ती बंदच, उतारावरून सोडत. नंदकिशोर स्टिअरिंगवर बसला आणि मला म्हणाला, काका, पुढे बसा, हँडब्रेक धरा. मी पहिल्यांदा पुढे बसलो. तिथून केवढं दिसतं गं! सगळा उतार, खालच्या रिक्षा, मधेच पळणारी पोरं. हे सगळं तू रोज एकटी सांभाळतेस. आणि मी बसलो होतो ती तुझ्या पिशवीची जागा. दरवेळी निघताना तू ती पिशवी उचलून मांडीवर घेतेस, जरा थांबतेस, आणि मी मागचं दार लावलं की परत तिथं ठेवतेस. मला वाटायचं, चष्मा शोधतेस. कधी एका शब्दानं बोलली नाहीस. गाडी तयार झाली की ती पिशवी मागे टाक, मी पुढे बसणार आहे. भीती वाटेल, वाटू दे. फक्त चढावर जरा हळू घे.

तुझाच,
सीताराम