भोरड्यांसाठी ठेवलेली ज्वारी

दोन कार्डं टाकली, तुझं एकही नाही. हाताला मेंदी लावून बसलास का?

चि. छगनला सावद्याहून आईचा आशीर्वाद. तुझी बहीण सुमन बाळंत झाली, मुलगा झाला, दोघं बरी आहेत. म्हैस दूध देते ना?

आज इथल्या परसात शेवग्यावर भोरड्या उतरल्या. गुलाबी अंगाच्या, नुसता कलकलाट. केळीत त्यांचं काय आहे? उद्या आपल्या भडगावच्या ज्वारीत शिरतील.

आपल्या गल्लीतला पुना केळीच्या ट्रकवर आलाय. म्हणाला, "अक्का, छगनभाऊनी भोरड्यासाठे ज्वारीले औषध चोळीसन परसात ठेयेल शे." 'चिऊला एक दाणा, मला एक' हा खेळ मीच तुझ्या बेबीला लावलाय. दोन वर्षांच्या पोरीला औषध काय कळतं? ती ज्वारी आत्ताच्या आत्ता खोल पुरून टाक. तुझ्या बापाने जन्मभर गोफणीवर शेत राखलं, तुझेही हात झिजणार नाहीत.

तोंडी निरोप तू हसण्यावारी नेशील, म्हणून चिठ्ठी पुनाच्या हाती देते. उत्तर तू लिहू नको, तू सगळं ठीकच लिहिशील. सूनबाईने लिहावं, आणि खाली बेबीचा पंजा हळदीत बुडवून उमटवावा.