पलंगाविषयी विचारलंत म्हणून

ती. मामा यांस,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हे नुसतं लिहायची रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यापासून मला सरळ उभंच राहता येत नाही. कारण ओघात येईलच.) तुमची तब्येत ठीक असेल, मामींचा गुडघाही आता कुरकुरत नसेल. नवी कवळी तुम्ही जेवताना काढून ठेवता आणि जेवण झाल्यावर लावता, असं आईकडून कळलं. तसं असेल तर तिचा नेमका उपयोग काय, हे विचारायचं माझं वय नाही. पण ती दिसते छान, असंही आई म्हणाली. आमच्याकडे दोघंही जिवंत आहोत.

तुम्ही मागच्या पत्राच्या कडेला, जागा उरली म्हणून, एक ओळ लिहिली होतीत : ‘आम्हीही तुमच्यासारखा सामान ठेवायचा पलंग घ्यावा म्हणतो, कसा आहे?’ खरं तर उत्तरही एका ओळीत देता आलं असतं. पण ती ओळ वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखी नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आमचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. पाहायला फार वेळ लागत नाही. दारात उभं राहिलं की सगळं दिसतं, आणि आणखी एक माणूस आला की काहीच दिसत नाही. त्यात हवा अशी दमट की डब्यातल्या मिठाचं पाणी होतं, काडेपेटीतल्या काड्या नुसत्या माना टाकतात, आणि पाकिटं आत पत्र घालायच्या आधीच आपली आपण चिकटून बसतात. (हे पत्र म्हणूनच उघड्यावर येतं आहे.) माझ्या लग्नातल्या बुटांना मध्यंतरी हिरवी लव फुटली होती. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून झटतो आणि घरी आलो की माझ्याच भिंगांवर वाफ धरते. अशा घरात ही पडदे शिवते. तिच्या हाताला चांगली सफाई आहे, त्यामुळे कामं भरपूर, आणि कामं भरपूर म्हणून कापड भरपूर. खुर्च्यांवर कापड, फ्रिजवर कापड, स्वयंपाकाच्या ओट्याखाली अस्तराचे तागे. एकदा थंडी वाजली म्हणून मी हाताला लागेल ते अंगावर ओढून झोपलो, तर सकाळी हिने मला हुकासकट गिऱ्हाइकाच्या पिशवीत भरायला घेतलं होतं.

तेव्हा ज्याच्या पोटात सामान मावेल असा पलंग घ्यायचा, असं ठरलं. दुकानात जाण्यापूर्वी हिने माप घेतलं. वर्तमानपत्रं चिकटवून पलंगाएवढा कागद केला आणि खोलीत जमिनीवर अंथरला. आठवडाभर आम्ही त्या कागदाला वळसा घालून वावरलो. चुकून पाय पडला तर ती म्हणायची, पलंगावर चपला घालून चढू नका. शेजारच्या काकू कात्री मागायला आल्या, त्यांनीही काही न विचारता वळसा घातला आणि जाताना कागदाच्या कडेवर टेकायला बघत होत्या. या प्रयोगातून एवढं कळलं की बाजूला खण असलेला पलंग आमच्या कामाचा नाही. खण ओढायला जागा हवी, आणि ती जागा भिंतीच्या पलीकडे, काकूंच्या घरात आहे.

दुकानातल्या टायवाल्या विक्रेत्याने आम्हाला एक चकचकीत पलंग दाखवला. उशाशी दिवा, दिव्याशी कप्पा, कप्प्याला आरसा. मी तिथेच विरघळलो. हिने मात्र खाली वाकून, कडेला जिथे चकचकीत कागद संपतो तिथे नखाने खरवडलं आणि विचारलं, आत भुसा दाबून केलेला बोर्ड आहे ना? तो म्हणाला, हल्ली सगळे हाच घेतात. ती म्हणाली, आमच्या घरात तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा होईल. मग तिने प्लायवूडचा निवडला : बिनदिव्याचा, बिनआरशाचा, जमिनीपासून चार बोटं उंच पायांवर उभा, तळाशी हवा खेळायला भोकं आणि वरचं झाकण गॅसच्या पंपांनी आपसूक उचललं जाणारं. दिसायला तो एखाद्या सरकारी कचेरीतल्या बाकाचा थोरला भाऊ. मी हार मानली; पण आपलंही काही असावं म्हणून गादी मी निवडली. पातळ निवडली, कारण जाड गादीत ओल मुरते. हा मुद्दा मी दुकानात इतका ठासून मांडला की टायवाल्याने मान डोलावली. मामा, विक्रेता आपल्याशी सहमत झाला की तिथून उठून घरी यावं.

झालं असं की ते पंप जाड गादीच्या हिशेबाने बसवलेले होते. वर पातळ गादी, तीवर मी (तुम्ही मला ‘अगरबत्ती’ म्हणत असा, तो मी अजूनही तसाच आहे) आणि ही, तीही फुंकर मारली तर उडेल अशी. दोघंही झोपलेलो असलो तर पलंग कसाबसा दम धरायचा. एकजण उठला की संपलं. पहिल्याच रविवारी दुपारी आम्ही आडवे झालो, मला डोळा लागला, दाराची बेल वाजली आणि ही उठली. मला स्वप्न पडलं की मी डोंगर चढतो आहे. जागा झालो तेव्हा झाकण आ वासून उभं होतं, मी गादीसकट उशाकडच्या भिंतीशी गोळा होऊन पडलो होतो, आणि दारात शेजारच्या काकू कात्री परत द्यायला उभ्या होत्या. काकू भारदस्त आहेत. त्या येऊन पायथ्याशी बसल्या, तसा पलंग मुकाट्याने मिटला. त्यानंतर काही दिवस आम्ही त्यांना रोज चहाला बोलावत होतो.

पण चहा पाजून संसार होत नाही. मग वजन म्हणून हिने कापडाचे सगळे तागे गादीवर रचले. म्हणजे बघा, ज्या सामानासाठी पलंग घेतला ते सामान वर, पलंगाच्या पोटात काही नाही, आणि आम्ही दोघं जमिनीवर चटई टाकून. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने पंप बदलून हलके बसवले. ते इतके हलके निघाले की झाकण आता उघडेना, आणि उघडलं तर उघडं राहीना. तेव्हापासून आम्ही झाकणाला केरसुणीचा दांडा टेकू म्हणून लावतो. आधी पलंग आम्हाला बाहेर फेकत होता, आता आत घेऊ बघत होता.

तरीही सामान आत गेलं, खुर्च्या मोकळ्या झाल्या, ही गुणगुणत शिवायला लागली आणि मला वाटलं, पार पडलो. तेवढ्यात बुरशी आली. सगळीकडे नाही, फक्त पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यात. मामा, लोक तान्ह्या बाळाचं करणार नाहीत एवढं मी त्या कोपऱ्याचं केलं. डांबराच्या गोळ्या ठेवल्या. डब्यात चुना ठेवला. बुटांच्या दुकानांतून ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणल्या (‘खाऊ नये’ असं त्यांवर लिहिलेलं असतं, तरी दुकानदार माझ्याकडे काळजीने पाहायचे). ऊन पडलं की गादी गॅलरीत, झाकण उघडं, पंखा आत तोंड करून. चार दिवस कोपरा कोरडा, पाचव्या दिवशी पुन्हा पांढुरके ठिपके. ही म्हणाली, पलंगाचा दोष नाही, कुठून तरी पाणी येतंय. मी भिंत ठोकून पाहिली, नळ तपासले, वरच्या मजल्यावर जाऊन चौकशी केली. पाणी कुठूनच येत नव्हतं.

आता खरा प्रसंग. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्याचे सगळे पडदे हिच्याकडून करून घेणार होत्या. एवढं मोठं काम हिला पहिल्यांदाच मिळत होतं. नवं मशीन घ्यायचं तिच्या मनात होतं, ते या कामावर अडलेलं. तिने नमुन्याचा एक पडदा शिवून पाठवला होता. पाठवेपर्यंत तो नेमका पलंगात ठेवलेला. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी व्हिनेगर आणि फडकं घेऊन तो कोपरा पुसायला घेतला. हात पोचेना, म्हणून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि मग पाठीवरून कुशीवर वळताना कोपर केरसुणीच्या दांड्याला लागलं. झाकण आपटलं नाही. सावकाश, पाहुणे गेल्यावर दार लावतात तसं मिटलं. गुडघे हनुवटीशी, एक हात पाठीखाली, फडकं तोंडावर. हाक मारणार, इतक्यात बेल वाजली आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. खुर्च्यांवर पुन्हा कापड होतंच, तेव्हा हिने त्यांना बसवलं ते पलंगावर. मी व्हिनेगर आणायला खाली गेलो असेन, अशी तिची समजूत.

बाई काम काढून घ्यायला आल्या होत्या. नमुन्याच्या पडद्याला कुबट वास येतो, म्हणाल्या. पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यांनी दवाखान्यात शिरताच नाक का दाबावं? ही समजावत होती, पुन्हा धुऊन देते, दुसरं कापड वापरते. तिचा आवाज बारीक होत चालला होता. मी आतून सगळं ऐकत होतो. त्या क्षणी मी झाकण ठोठावलं असतं तर उरलीसुरली आशाही गेली असती, म्हणून मी तळाच्या भोकाला नाक लावलं आणि गप्प राहायचं ठरवलं. ठरवणं माझ्या हातात होतं; शिंक नव्हती. व्हिनेगर आणि बुरशी एकत्र नाकात गेली, आणि मी शिंकलो.

“हे काय?” बाईंनी विचारलं. मग ही, लग्नानंतर मला तिचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, अगदी सहज म्हणाली, “लाकूड नवं आहे. अजून बसतंय.”

मी पुन्हा शिंकलो.

“तुमच्या लाकडाला सर्दी झालीय,” असं म्हणून बाई उठल्या आणि दोन्ही हातांनी झाकण वर केलं. उजेड आला. मी फडकं तोंडावरून काढलं. माणसाला काही सुचेनासं झालं की त्याचा धंदा बोलतो. त्यांच्या चष्म्याची डावी काडी वाकलेली दिसली. मी म्हणालो, “नमस्कार. तुमची काडी सैल झालीय. दुकानात या, बसवून देतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं. मग हिला म्हणाल्या की ज्या घरात नवरा आत शिरून कोपरे पुसतो, त्या घरी पडदे शिवायला द्यायला हरकत नाही. अट एकच : दवाखान्याचं कापड या पलंगात ठेवायचं नाही. काम राहिलं. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात येऊन काडी बसवून गेल्या. मला मात्र त्या दोघींनी मिळून बाहेर काढलं तेव्हा मी ज्या आकारात बाहेर आलो, त्याच आकारात अजून आहे.

तर मामा, थोडक्यात सांगायचं तर असला पलंग घेऊ नका. त्याच्या पोटात काय भरायचं याचा विचार आपण करतो, आपल्या डोक्यात तो काय काय भरून ठेवतो याचा करत नाही. मामींना नमस्कार सांगा. कवळी जपा.

तुमचा,
अगरबत्ती

ता. क. : वर लिहिलेलं सगळं आमच्या घरापुरतं खरं आहे. तुमच्याकडची हवा कोरडी. तिथे हाच पलंग गुणी बाळासारखा राहील. शिवाय तुम्हा दोघांच्या भरदार प्रकृतीला (ती अशीच राहो) ते पहिले, जोरकस पंपही दबून असतील. सुताराने ते परत दिले आहेत, सोबत आहेत. तेव्हा नवा कशाला घेता, आमचाच वापरा. घरच्या घरात राहील.

ता. क. दुसरा : ‘सोबत आहेत’ म्हणजे पलंगासोबत. टेम्पो आज दुपारी निघतो, पत्र ड्रायव्हरच्या हातीच देतो. ही पडदे लावायला दवाखान्यात गेली आहे. तिला अजून बोललो नाही; आल्यावर मोकळी खोली पाहून तिला आनंदच होईल. तुम्ही फक्त जिन्यातल्या कुंड्या हलवून ठेवा.

ता. क. तिसरा (अक्षर बदललं आहे, कारण माणूस बदललं आहे) : ती. मामा आणि मामींना नमस्कार. पडदे छान बसले, मी लवकर परत आले. पलंग जिन्यात उभा होता. रिकामा करताना पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यात, माझ्या अस्तरांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत ह्यांचा रेनकोट सापडला. दुकानातून पावसात भिजून आले की ओल्याचा ओला घडी करून तिथे ठेवतात. घडी अगदी व्यवस्थित आहे. विचारलं तर म्हणाले, सामान ठेवायलाच तर पलंग घेतला. पलंग मी वर घेतला आहे. ड्रायव्हर आणि काकूंनी हात लावला. टेम्पो ठरवलेलाच आहे, रिकामा कशाला पाठवायचा, म्हणून ह्यांना पाठवते आहे. चार-आठ दिवस उन्हात बसवा. पाठही सरळ होईल. इकडे मी तो कोपरा वाळवते. न्यायची घाई करणार नाही.