बुटांवरची माती

प्रिय ताई,

मी रोज टेकडी चढते असं तुला कळवलं होतं. ते खोटं आहे. इथे आल्यापासून घरात कुणाला डोंगराशिवाय दुसरं काही सुचत नाही. मुलगा ऑफिसआधी सायकल हाणतो, सून कड्यावर दोराला लोंबकळते. मलाही जाड तळव्यांचे बूट आणले. पहिल्याच उतारावर गुडघ्याने दगा दिला. तेव्हापासून दोघं बाहेर पडले की मी बुटांना कुंडीतली माती फासते. बुटांवर डाग दिसला की कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या, आठवतं?

गुडघ्याचं कळलं तर मुलगा माझ्यासाठी सपाटीवर परत जाईल. त्यांचं आत्ता कुठे बस्तान बसतंय.

काल सून बूट उचलून म्हणाली, "आई, टेकडीची माती लाल आहे. ही काळी कशी?"

"तू मातीची डॉक्टर आहेस का?" मी खेकसले. तिने बूट जागेवर ठेवले.

आज बुटांशेजारी कागदाची पुडी होती. आत लाल माती. आता धड खोटंही एकटीने बोलता येत नाही!

पत्र पाठवत नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

तुझी,
टेकडी न चढलेली धाकटी