तिसऱ्या वळणावर सोडायचं

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मी बोलायला लागलो की तू नुसती "हं, हं" करतेस, आणि मग मी गडबडून भलतंच काहीतरी विचारून बसतो, जेवलीस का वगैरे. म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून काउंटरवरच लिहायला बसलोय. समोर अक्षरांचा तक्ता, बाजूला काचा घासायचं यंत्र आणि तुझ्या आईनं दिलेला डबा, तोही बिनमिठाचा. मुद्द्याचं सांगतो. आपल्या घरात गेले दोन महिने काहीतरी शिजतंय आणि मला त्याचा वास लागलाय. मी दिवसभर माणसांच्या डोळ्यांत बघणारा माणूस आहे. माझ्यापासून लपवायचं तर जरा नीट लपवायचं.

सुट्टीच्या निवडीपासूनच सगळं सुरू झालं. उन्हाळ्याची सुट्टी कुठे घालवायची हा आपल्या घरातला जुना तंटा, तुला काय सांगायचं. तुझ्या आईला पाणी हवं, तुला मैत्रिणींना दाखवता येतील असे फोटो हवेत, आणि मला चढ हवा. चढ हवा असं सरळ म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, म्हणून मी नकाशा टेबलावर पसरून साळसूदपणे म्हणायचो, "तिथली हवा छान आहे." तीन-चार उन्हाळ्यांत तुम्हाला कळून चुकलं की हवा छान म्हणजे किमान दहा किलोमीटरचा घाट, पहाटे पाचला गजर आणि गाडीच्या टपावर माझी सायकल. तुझी मावशी तर एकदा हात जोडून म्हणाली होती, "भावोजी, यंदा जरा वाईट हवेच्या ठिकाणी जाऊया का?" नंतर गेली सहा वर्षं आपण पाण्याच्या कडेलाच गेलो. सगळे रस्ते सपाट. मी सकाळी दोन तास फिरून तुम्ही उठायच्या आत परत यायचो. सहा वर्षांत मी एकदाही कुरकुर केली नाही, हे तुझ्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे.

आणि यंदा तुझी आई जेवणानंतर टेबल पुसता पुसता म्हणते, आपण पुन्हा त्या चौदा किलोमीटरच्या घाटाला जाऊया, तिथली हवा छान आहे. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाई तीच होती. वर म्हणते, माथ्यावरच्या घरमालकाशी बोलणं झालंय, सायकल ठेवायला जिन्याखाली कुलपाची जागा आहे. ज्या बाईनं बावीस वर्षं "ही सायकल हॉलमधून हलव, नाहीतर मी हलते" असं ऐकवलं, ती माझ्या सायकलच्या मुक्कामाची चौकशी करून आली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, भिंगरी येणार आहे का? तर ती म्हणाली, "येणार तर. तिनंच सुचवलं." आणि ओलं फडकं घेऊन स्वयंपाकघरात पसार झाली. तू? त्या घाटाचं नाव काढलं की खोलीतून उठून जाणारी तू?

मग मी पाळत ठेवायला लागलो. हसू नकोस. तुझी आई ग्रंथालयात काम करते, तिला गुपचूप राहायची सवय आहे, पण फोनच्या बाबतीत ती ढिसाळ आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन ओट्यावर पडला होता आणि मी दुधाखालचा गॅस बंद करायला गेलो होतो. खरंच दुधासाठीच. तेवढ्यात तुझा निरोप चमकला. "बाबाला तिसऱ्या वळणावर सोडायचं. मग वर जाईपर्यंत थांबायचं नाही. तू त्याला काही कळू देऊ नकोस." दूध उतू गेलं. तुझी आई मला बोलली, मी ऐकून घेतलं, आणि मनात एकच चाललेलं, मला सोडणार म्हणजे काय? मी काय मांजर आहे?

रात्री नकाशा काढला. तिसऱ्या वळणापाशी आता एक आरोग्यधाम झालंय, चांगली मोठी इमारत दिसते. झालं, माझं डोकं चालायला लागलं. हिवाळ्यात डॉक्टरांनी रक्तदाब जरा वर आहे म्हटल्यापासून तुझी आई माझ्या मिठावर नजर ठेवून आहे. म्हणजे हा कट होता तर. सुट्टीच्या नावाखाली गाडीत घालायचं, तिसऱ्या वळणावर उतरवायचं, आणि तुम्ही दोघी वर जाऊन मजा करणार. दुसऱ्या दिवशी दुकानातून मी चक्क तिथे फोन लावला आणि आवाज बदलून विचारलं की अमुक नावाच्या गृहस्थांसाठी जागा राखून ठेवलीय का. फोनवरच्या बाईंनी वय विचारलं. मी त्रेपन्न म्हणालो. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या मुलाचं नको, तुमचं सांगा. आम्ही पंचाहत्तरच्या पुढचेच घेतो." मी फोन ठेवून दिला. आवाज जरा जास्तच बदलला होता बहुतेक.

तरी संशय काही जाईना. तेवढ्यात तू घरी दोन दिवस आलीस आणि जाताना म्हणालीस, बाबा, माझ्या मैत्रिणीला एक चष्मा करून हवाय, असा वळलेला, कानशिलापर्यंत येणारा, डोळ्यात वारा न जाणारा. मी विचारलं, काय करते ती? तू म्हणालीस, "खेळते." काय खेळते? "बरंच काही." आणि नंबराची चिठ्ठी काउंटरवर ठेवून स्टँडकडे पळालीस. उजवा उणे सव्वादोन. डावा उणे पावणेतीन, त्यात तिरपा नंबर पाऊण, अक्ष एकशे बासष्ट. अगं वेडाबाई, चष्मेवाल्याची मुलगी ना तू? एकशे बासष्टचा डावा डोळा या दुकानात फक्त एका माणसाचा आहे, आणि ती सात वर्षांची असल्यापासून तिचे सगळे चष्मे मीच केलेत. लोकांना त्यांचे जावई आठवत नाहीत, पण मला त्यांचे नंबर आठवतात.

त्यावरून मला तुझे हात आठवले. आदल्या दिवशी तुझ्या चष्म्याची नाकावरची गादी बदलताना तू हात काउंटरवर टेकवला होतास. बोटं उन्हानं रापलेली, आणि बोटांच्या मधल्या पेरापासून मनगटापर्यंत हात पांढरा फटक. हे कशानं होतं ते मला कुणी सांगायला नको. माझेही हात तसेच आहेत, अर्ध्या बोटांचे हातमोजे घालून रोज दोन-दोन तास हँडल धरलं की होतात. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सोडायचं! सायकलवाल्यांच्या बोलण्यात सोडणं म्हणजे चढावर सोबतच्या माणसाला मागे टाकून निघून जाणं. हा शब्द आपल्या घरात मीच आणला. आज मी अमक्याला सोडला, तमक्यानं मला सोडला, हे रविवारी सकाळी तुम्हाला ऐकवणारा मीच. आणि माझ्याच मुलीनं तो माझ्याबद्दल वापरला तेव्हा मी आरोग्यधाम शोधत बसलो. मी इतक्या मोठ्यानं हसलो की तपासणीची फ्रेम घालून बसलेल्या एका आजी घाबरून खुर्चीतून उठल्या.

तू पुन्हा सायकलवर बसलीस याचा मला किती आनंद झाला, हे मला नीट लिहिता येणार नाही. तुझ्या चष्म्याच्या काचा मी यंत्रावर न टाकता कडा हातानं घासल्या. त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत होतो. तुझ्या आईनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. पाहू दे म्हटलं, आता तिची पाळी. मनातल्या मनात मी तुमच्या कटात सामील झालो. काही माहीत नाही असं दाखवायचं, तू वळणावर सुटलीस की धापा टाकत मागे पडायचं, वर पोचल्यावर तोंडाचा आ करायचा. सगळं ठरवूनही टाकलं.

पण मग एक गोष्ट टोचायला लागली. चौदा किलोमीटरच्या घाटात एकवीस वळणं आहेत. त्यातलं तिसरंच का?

सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ घरात इतक्या वेळा सांगून झालीय की आता ती गुळगुळीत झालीय. तू चौदा वर्षांची, नवी सायकल, पहिला मोठा घाट. मी तुला आणि आईला शब्द दिला होता की तुझ्याच वेगानं येईन. तिसऱ्या वळणावर तुझी चेन पडली. मी पुढे होतो, वारा जोराचा होता, मला ऐकू आलं नाही. मला वाटलं तू मागेच आहेस. वर पोचलो तर तू नाहीस, म्हणून घाबरून खाली आलो, तर सव्वा तास तू कठड्यावर एकटी बसलेली. आईनं मला फैलावर घेतलं, मग तिचं तिलाच वाईट वाटलं, म्हणाली, जाऊ दे, त्याला कळलंच नाही. तू काही बोलली नाहीस. घरी आल्यावर सायकल मावशीकडे देऊन टाकलीस. त्यानंतर आपण दोघं एका रस्त्यावर कधी चाललो नाही, सायकलवर नाही आणि तसेही नाही.

आता यातलं जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहितो. त्या दिवशी वारा नव्हता, पानसुद्धा हलत नव्हतं. तू दोनदा हाक मारलीस. आधी "बाबा". मग, "बाबा, चेन." दोन्ही मला स्वच्छ ऐकू आल्या. मी घड्याळ पाहिलं. तो घाट मला कधीच तासाच्या आत जमला नव्हता आणि त्या दिवशी जमेल असं दिसत होतं. मी स्वतःला म्हणालो, बसवेल ती चेन, येईल. मागे वळूनही पाहिलं नाही. अठ्ठावन्न मिनिटांत वर पोचलो, चहा घेतला, आणि खरं सांगतो, त्या चहाच्या वेळी मी खूष होतो. खाली यायला लागलो तेव्हा कुठे प्रत्येक वळणावर तुला शोधायला लागलो. कठड्यावर तू हात मांडीखाली घालून बसली होतीस. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीतरी चेन बसवून दिली होती, सायकल भिंतीला टेकून नीट उभी होती. आणि मी लांबूनच, उतरायच्याही आधी विचारलं, "बसली का चेन?" तू वर पाहिलंस. ज्याला ऐकू आलं नाही त्याला चेनचं कसं कळलं? मला संशय आहे की तुला त्याच क्षणी कळलं होतं, आणि माझी लाज राखायला तू सहा वर्षं गप्प बसलीस. तसं असेल तर तिसरं वळण का, हे मला समजलं. आणि तसं नसेल, तर जिला काही माहीत नाही त्या मुलीकडून मी कौतुकानं हरून घेणार होतो, जणू फार मोठ्या मनाचा बाप. ते मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. आज घरी गेल्यावर तुझ्या आईलाही सांगणार आहे, त्यामुळे पत्र मिळेल तेव्हा आमचं काय चाललंय याचा अंदाज तू करशीलच. हे वाचून तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, तू का आली नाहीस त्याचं खरं कारण मीच सांगेन सगळ्यांना. पण आलीस तर मी मुद्दाम मागे पडणार नाही, जिवाच्या आकांतानं तुझ्या चाकाला चिकटून राहायचा प्रयत्न करेन. तू सुटलीस आणि मी मागून हाक मारली, तर ती तुला ऐकू येईल. तरी थांबू नकोस.

तुझाच, अजून तसं म्हणू देत असलीस तर,
बाबा