काच दिली तर

ती. आईस,
लांबूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात, की अजून उशीखाली लपवतात?

तू विचारलंस, वसतिगृहातल्या भडकलेल्या मुलांना शांत करायचं म्हणजे नक्की काय करतेस. परवाचंच सांगते. एका मुलीची आई भेटायला येणार होती, ती आलीच नाही. पोरीने खिडकी फोडली आणि काच मनगटावर धरली. मी जरा लांब फरशीवर बसले, आवाज चढू दिला नाही, तिला बोलू दिलं.

शेवटी तिने विचारलं, "काच दिली तर मला कुणी धरणार नाही ना?"

"कुणी हातसुद्धा लावणार नाही," मी म्हणाले.

तिने काच माझ्या हातात ठेवली आणि दारामागच्या दोघा रखवालदारांनी तिला पालथं पाडून दाबून धरलं. "सोडा तिला," मी ओरडत राहिले. आमचे अधीक्षक साहेब म्हणाले, "खबरदारी घ्यावीच लागते."

आता मला पाहिलं की ती भिंतीकडे तोंड फिरवते. साहेबांनी मात्र सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. म्हणाले, पुढच्या वेळीही तुम्हीच जा, मुलांचा तुमच्यावर विश्वास बसतो.

काळजी करू नकोस, गुडघा शेकत जा.

तुझी,
धाकटी