शेळीचं औषध मांजराला लावू नये

डॉक्टरसाहेबांस थोरल्या बहिणीकडून,

तुझ्या औषधाने आमच्या पिसवांचं काहीही वाकडं झालं नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू उगाच खूश होणार नाहीस. तब्येत बरी असेलच, नसती तर तुझ्या बायकोने कळवलं असतं. पोरांना आशीर्वाद. तुझ्याशी बोलायचं नाही असं मी मामांच्या घरी सगळ्यांसमोर सांगितलं आहे आणि ते अजून तसंच आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून लिहिते. (चौथीपर्यंत शिकले त्यात बसवते आहे, अक्षराला हसू नकोस.) भरल्या ताटावर तू म्हणालास, "ताईचा गोठा म्हणजे पिसवांचं वसतिगृह." सगळे हसले. मामा दम्याचे, तेही हसले आणि मग त्यांना तो पंप तोंडात धरून बसावं लागलं. त्याचं पाप तुझ्या माथी.

मी तुला विचारलं काय होतं, तर करडं दोन्ही सुकत चालली आहेत, अंगाला अंग घासतात, दूध पिऊनही पोट पाठीला लागलंय, काय करू. त्यावर आधी विनोद आणि मग निघताना दारात बाटली हातात देऊन अर्धा तास भाषण. मी रागात होते. रागात माणसाला जेवढं ऐकू येतं तेवढं ऐकलं. शेळ्यांना लाव, करडांना बेताने लाव, पांढरे मोजे घालून गोठ्यात चाल म्हणजे पायावर चढलेल्या पिसवा दिसतात, आणि शेळीचं औषध मांजराला लावू नको. या चार गोष्टी ऐकल्या आणि चारही पाळल्या. माझी चूक दाखवायची तर यातली दाखव.

वर माझी स्वतःची अक्कलही लावली. म्हटलं, पिसू रक्तावर जगते ना, मग उपाशी मारू. तिन्ही शेळ्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली बांधल्या, करडं स्वयंपाकघरात चुलीपाशी आणली आणि गोठ्याला तीन आठवडे कडी घातली. करडांना ऊब म्हणून मांजर रोज त्यांच्या कुशीत येऊन झोपायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी बोलावून दाखवायची, बघा, मुक्या जिवाला किती माया. हे एवढं लक्षात ठेव, पुढे लागेल.

तीन आठवडे झाले तेव्हा पलीकडच्या इस्त्रीवालीला बोलावलं. (ती आमचे कपडे घेईना. म्हणे, तुमच्या गठ्ठ्यातून काहीतरी उडतं. तुझ्या भाओजींना बँकेच्या दारात उभं राहायचं असतं, चुरगळलेला गणवेश घालून पहारेकरी शोभतो का?) तिला म्हटलं, "चल, एक पिसू काढून दाखव, तुझे सगळे कपडे मी धुऊन देईन." भाओजींना त्यांचे ड्युटीचे पांढरे मोजे घालून पुढे घातलं. ते कामावर निघाले होते, पण दोन मिनिटांचं काम. कडी काढली. आत सगळं शांत, स्वच्छ. मी इस्त्रीवालीकडे बघितलं. ती भाओजींच्या पायाकडे बघत होती. मोजे खालून काळे व्हायला लागले होते. तीळ पेरल्यासारखे, आणि तीळ वर चढत होते. इस्त्रीवाली जी पळाली ती पदर झाडत चौकापर्यंत. मोजे बदलायला वेळ नव्हता, भाओजी तसेच कामावर गेले, आणि दिवसभर बँकेच्या दारात एका पायाने दुसरा पाय खाजवत उभे राहिले. एका म्हातारीने त्यांना विचारलं, आत जायला किती वेळ लागेल, तुम्हाला फार घाई दिसते. साहेबांनी चार दिवस घरी बस म्हणून सांगितलं. चारही दिवस माझ्यासमोर बसले. हा त्रास वेगळा.

मग मी जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला गाठलं आणि म्हटलं, तुमचं औषध पाणी आहे. त्याने विचारलं, गोठ्याची वरची माती काढली का? भेगांतून फवारलं का? जुना पेंढा जाळला का? म्हटलं, पिसवा शेळीवर आहेत, मातीवर नाहीत. तर तो सांगतो की शेळीवर दिसतात त्या थोड्या, बाकीचा संसार जमिनीत. अंडी मातीत, अळ्या मातीत, आणि कोषातली पिसू महिना महिना गप्प पडून राहते. कुणाच्या पावलाचा धक्का लागला की बाहेर. म्हणजे आम्ही तिघं आत गेलो ते त्यांना जेवायला उठवायलाच. मग विचारतो, घरात मांजर आहे का, त्याला काय लावलं? मी ताठ मानेने सांगितलं, काही नाही, डॉक्टरने मनाई केली आहे. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, शेळीचं औषध मांजराला विषारी असतं म्हणून ते लावायचं नाही. मांजराचं वेगळं असतं." हे तू दारात सांगितलं असशील. सांगितलं असशील तर मोठ्याने सांगायला हवं होतं.

माती कालपासून खणते आहे. भाओजींनाही फावडं दिलं आहे. घरी सगळं ठीक. करडं बरी आहेत. तुला यायची काही गरज नाही.

तुझी (बोलत नसलेली)
ताई

ता.क. करडं बरी आहेत असं वर लिहिलंय ते खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते. पण दोघांतली ठिपकी गुरुवारी सकाळी गेली. मांजर तिच्या कुशीतच होतं. मला वाटत होतं माया आहे.

ता.क. दुसरं. काळतोंड्या उरला आहे. तू लहानपणी आपल्या शेळीची पापणी खाली ओढून दाखवायचास ना, लाल असली तर रक्त आहे म्हणून. त्याची ओढून बघितली. या कागदासारखी आहे. कंपाउंडर म्हणतो, सुई द्यावी लागेल, पण डॉक्टर हवा. इथला डॉक्टर रजेवर आहे.

ता.क. तिसरं. माफी मागायची नाही, वेळ जातो. येताना मांजराचं औषध आण. पत्राने उत्तर नको, बुधवारी दुपारपर्यंत फाटकात तुझ्या गाडीचा आवाज आला की तेच उत्तर धरीन. वसतिगृह म्हणालास तरी चालेल. मोजे मात्र काळे घालून ये.